सुसाना बसून राहिली

विसरवाडीच्या फाट्यावर एसटी थांबणार की नाही, हे तिथे कोण उभं आहे त्यावर ठरतं. पँट-शर्टातला मास्तर असेल, हातात फाइल धरलेली बाई असेल, तर थांबते. डोक्यावर गोधड्यांचं बोचकं, काखेत पोर, पायाशी पातेल्यांचं पोतं अशी माणसं असतील, तर ड्रायव्हरला एकदम समोरचा रस्ता फार बारकाईने पाहावासा वाटतो. गाडी फर्लांगभर पुढे जाऊन कोणाला तरी उतरवते, बोचकीवाले धावत सुटतात, आणि ते पोचेपर्यंत कंडक्टरने घंटी मारलेली असते. गुजरातेतल्या ऊसतोडीहून सातपुड्यात परतणारी माणसं याच फाट्यावर गाडी बदलतात, त्यामुळे हा खेळ वर्षानुवर्षं चालू होता.

सुसाना गावितला तो बघवेना. साठीला टेकलेली, अंगाने वाळकी, आवाजाने खणखणीत अशी ही बाई फाट्यावर उकडलेल्या शेंगा आणि काकड्या विकते. पूर्वी चिंचेखाली बसायची. रस्ता चौपदरी झाला त्यात चिंच गेली, तेव्हापासून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सखाली बसते. शेजारी वाळूत रोवलेले दोन माठ. ते पाणी विकायचं नाही, आणि शेंगा घेणाऱ्यालाच द्यायचं असंही नाही. येईल त्याच्यापुढे ओगराळं धरायचं. गाडीची वेळ झाली की ती स्टुलावरून उठायची, पदर खोचून सरळ डांबरावर जायची आणि हात आडवा धरायची. ड्रायव्हर निमूट ब्रेक दाबायचे.

त्यातला भटू ड्रायव्हर तिच्या खास ओळखीचा. खिडकीतून डोकं काढून त्याच्या अहिराणीत विचारायचा, "मावशी, आज कितला पाव्हना शेतस तुन्हा?"

"मोजू नको, दार उघड," ती म्हणायची. कंडक्टरने नाक मुरडलं तर त्यालाही सोडायची नाही. तुझ्याच सासरची माणसं आहेत, नीट बसव, असं ऐकवायची. बोचकी वर सारायला स्वतः हात लावायची, आणि कुठली बाई चुकीच्या गाडीत चढताना दिसली तर तिला दंडाला धरून खाली ओढायची. गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. केलेल्या कामाचं कौतुक ऐकायलाही ती थांबत नसे.

होता होता कोणी न ठरवता एक पद्धत पडून गेली. ड्रायव्हर लांबूनच तिच्या स्टुलाकडे बघायचे. ती उठलेली दिसली की गाडी आवरायची. बसलेली दिसली की आज कोणी नाही, चला पुढे. तिच्यामागे कोणी हात केला तरी तो मग त्यांच्या हिशेबातच नसे. पद्धत सोयीची होती. तिच्यात खोट एवढीच की सगळं एका बाईच्या मर्जीवर येऊन ठेपलं होतं, आणि हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र सुसानाचं मन दुखरं होतं. ती लहान असताना तिच्या बापाने प्रभूचा मार्ग धरला. घरातली होळी सुटली, डोंगरावरचे देव सुटले. होळीच्या दिवसांत तर पोरांना अंगणाबाहेरही सोडत नसत. त्याचं तिला काही वाटलं नाही. खुपलं ते दुसरंच. मामेबहिणीच्या लग्नात तिने हौसेने पाण्याची कळशी फिरवायला घेतली, तेव्हा मामीने सगळ्यांदेखत ती तिच्या हातातून काढून घेतली आणि जमिनीवर ओतून दिली. पुढे मामी वारली. मामेबहिणींशी येणं-जाणं सुरू झालं, त्यांच्यातली एक तर आता स्वतःच दर रविवारी चर्चला येते. पण ते ओतलेलं पाणी सुसानाच्या डोक्यातून काही गेलं नाही. तिने माठ ठेवले ते दयेपोटी, असं फाट्यावरचे लोक सांगतात. निम्मं खरं आहे. उरलेली निम्मी खुन्नस होती. येणारा-जाणारा आपल्या हातचं पाणी पितो, हे तिला रोज डोळ्यांनी बघायचं असायचं.

होळीच्या आदल्या दिवशीची दुपार. फाटा माणसांनी आणि जिपांनी फुलून गेला होता. धुळ्याकडे जाणाऱ्या एका ट्रकमधून एक माणूस उतरला. तिशीचा असेल. काटक, केस धुळीने माखलेले, बरेच दिवस अंगाला पाणी लागलं नसावं असा. त्या डांबरावर तो अनवाणी उभा होता. पाठीवर बोचकं आणि त्याला बांधलेलं एक छोटं पातेलं, एवढंच सामान.

सुसानाने नेहमीसारखं ओगराळं भरलं आणि पुढे केलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. नजर आपल्या गळ्यातल्या क्रुसावर अडकली असं तिला वाटलं. मग त्याने मान हलवली आणि तो मागे सरला.

समजलं नसेल म्हणून ती एक पाऊल पुढे गेली. तो आणखी मागे झाला. तिची सावली त्याच्या पायाशी आली तेव्हा त्याने पाय उचलून बाजूला ठेवला. मग रस्ता ओलांडून हॉटेलाच्या हापशावर गेला, स्वतःचं पातेलं स्वतः हापसून भरलं आणि घटाघटा प्यायला. तहान होती, म्हणजे. परत येऊन तो बाकड्यावर न बसता बाकड्यापासून लांब, धुळीत उकिडवा बसला. तिथूनच त्याने विचारलं, "मोलगी? अक्कलकुवा?"

"येईल गाडी," सुसाना म्हणाली, आणि हातातलं पाणी तिने पुन्हा माठात ओतलं नाही. रस्त्यावर फेकलं.

अक्कलकुव्याची गाडी भटूचीच होती. नंदुरबारवरून पुढे तळोदा करत जाणारी, आणि सणामुळे आधीच दारापर्यंत भरलेली. वळणावर ती दिसली तशी सुसानाच्या पायांनी सवयीने उठायला घेतलं. तिने ते आवरले. शेंगांच्या टोपलीत हात घातला आणि त्यातल्या काळ्या पडलेल्या शेंगा वेचत बसली. जणू तेच काम सगळ्यांत निकडीचं होतं.

भटूने स्टुलाकडे पाहिलं, मावशी बसलेली पाहिली आणि गिअर टाकला.

तो माणूस हात करत धावला. गाडीच्या मागच्या पत्र्यावर त्याने थापा मारल्या. बोचक्याची गाठ सुटली, पातेलं घरंगळत रस्त्याच्या मधोमध गेलं. गाडी गेली. सुसानाने हे सगळं पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. म्हटलं, बस आता आपला तोरा घेऊन.

तो बसला नाही. सामान गोळा केलं, पुन्हा गाठ मारली आणि कोणाकडेही न बघता नंदुरबारकडे जाणाऱ्या खांडबाऱ्याच्या रस्त्याने चालू लागला. भर उन्हात. अनवाणी.

तो दिसेनासा झाला त्यानंतर थोड्या वेळाने बायकांनी भरलेला एक टेम्पो येऊन थांबला. ऊसतोडीच्याच बायका. मुकादमाने ठरवलेली पुढची गाडी यायची होती, तोवर त्या सावली शोधत पांगल्या. त्यांतली एक पोक्त बाई, फुलीबाई तिचं नाव, सरळ सुसानाकडे आली. ओगराळं तिने स्वतःहून मागून घेतलं आणि ओंजळ धरून पोटभर प्यायली. क्रुसाकडे तिने पाहिलंही, छान आहे म्हणाली, चांदीचा का, असंही विचारलं. सुसानाला तेव्हाच तो मागे सरलेला माणूस आठवला.

दोघींच्या बोल्या वेगळ्या. पण गुजरातेत कामाला जाऊन आलेल्यांची एक मिसळलेली बोली असते, तिच्यात भागतं. फुलीबाई आपल्या भाच्याची चौकशी करत होती. बाज्या त्याचं नाव. आमच्या आधी निघाला, एकटाच, तुझ्यापुढूनच गेला असेल. अनवाणी आहे.

"एकटा का?" सुसानाने विचारलं.

तेव्हा फुलीबाईने जे सांगितलं ते सुसानाला तिच्या आजीने केव्हाच सांगितलं असतं, जर घरातली होळी सुटली नसती तर. बाज्याने पालनी धरली होती. ज्याने नवस बोललाय त्याने होळीआधी पाळायचं व्रत ते. अंघोळ करायची नाही, पायात घालायचं नाही, खाटेवर-बाकावर बसायचं नाही, आपलं आपण शिजवून खायचं. बाईच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, तिची सावलीसुद्धा चुकवायची. म्हणून तर तो आमच्या टेम्पोत बसला नाही, फुलीबाई म्हणाली, आणि जिपांमध्ये आज बायाच बाया. त्याला एसटीच पाहिजे, दारात उभं राहून जाईल. त्याच्या मुलीला, रिनाला, चालता येत नव्हतं. चारदा होळीपुढे नाचला, मुलगी भिंत धरून उभी राहिली, मग चालायला लागली. हे पाचवं वर्ष, शेवटचं. उद्या पहाटे होळी पेटेल तेव्हा तो तिथे हजर पाहिजे. नसला तर आमच्या पाड्यात ते वर्ष धरत नाहीत.

"तू आत्ता दिलंस ना पाणी," फुलीबाई हसून म्हणाली, "तसं माझ्या हातचंसुद्धा घेत नाही बघ पंधरवडाभर. मी सख्खी मावशी. चढला ना तो गाडीत?"

सुसानाने टोपलीकडे पाहिलं. "चढला असेल," ती म्हणाली. "गर्दी होती. नीट दिसलं नाही."

आयुष्यात ती कधी खोटं बोलली नव्हती असं मुळीच नाही. पण बोलताक्षणी परत घ्यावंसं वाटलं असं हे पहिलंच. फुलीबाई निश्चिंत होऊन बायकांत जाऊन बसली. ते निश्चिंत होणं सुसानाला बघवेना. टोपली तशीच टाकून ती रस्त्यावर गेली आणि पहिली ओळखीची गाडी दिसली ती अडवली. रेवजीचा पिकअप होता, रिकामी क्रेटं घेऊन नंदुरबारकडे निघालेला. ती काही न सांगता केबिनमध्ये चढली, चल म्हणाली. रेवजीने विचारलं, टोपली कोण बघणार? ती म्हणाली, कुत्री बघतील, तू चल.

बाज्या बराच पुढे गेलेला होता. रस्त्याकडेच्या गवतावरून चालत होता, कारण डांबरावर पाय ठेववत नव्हता. रेवजीने गाडी लावली, मागे चढ म्हणाला. बाज्याने हौद्याकडे पाहिलं, मग केबिनमध्ये बसलेल्या बाईकडे पाहिलं, आणि तो जागचा हलेना. सुसानाला आता सांगावं लागलं नाही. ती उतरली, आपली सावली त्याच्याकडे पडणार नाही अशा बाजूला, लांब जाऊन उभी राहिली. तो चढला. क्रेटांवर बसला नाही, दांडी धरून उभा राहिला.

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. गाडी सुटायच्या आधी, मोठ्याने, दोन वाक्यांत. तिने तोंड उघडलं आणि रेवजीलाच सांगितलं, याला तळोद्याच्या गाडीत घालून दे, बायका नसतील अशी बघ. बाज्याने हौद्यातून तिला हात जोडले. ती त्या हातांकडे न बघता फाट्याकडे वळली आणि चालत निघाली.

होळी झाली. धुळवड झाली. उरलेला ऊस तोडायला माणसं पुन्हा खाली उतरू लागली, त्यांत फुलीबाई होती. तिने येऊन सुसानाचे दोन्ही हात धरले. बाज्याने सगळं सांगितलं म्हणाली. नंदुरबारला त्याला पुढची गाडी वेळेवर मिळाली नाही, अक्कलकुव्यापासून वर तो चालत आला, आणि पोचला तेव्हा होळीचा दांडा पेटून कोसळला होता. वर्ष धरलं नाही. पुढल्या वर्षी पुन्हा पालनी. मुलीचं काय होईल या धास्तीने त्याची बायको रडली. पण बाज्या सगळ्या पाड्यात सांगत सुटलाय की विसरवाडीला एक बाई आहे, तिने माझ्यासाठी गाडी आणली आणि मला बसता यावं म्हणून स्वतः रस्त्यात उतरली.

सुसानाने तिच्या ओच्यात शेंगा ओतल्या. भरपूर ओतल्या. दुसरं काही तिला सुचलं नाही.

मग ते सुरूच झालं. डोंगरातून उतरणारी माणसं फाट्यावर तिला शोधू लागली. तीच ही, असं एकमेकांना दाखवू लागली. कोणी मोहाची फुलं आणून दिली, कोणी नुसतं येऊन शेजारी बसलं. ती आता प्रत्येक गाडीला उठत होती, बोचकी चढवत होती, आणि प्रत्येक गाडी थांबली की तिला न थांबलेली गाडी आठवायची. भटूने एकदा थट्टेत विचारलं, मावशी, त्या दिवशी डुलकी लागनी व्हती का? तिने त्याच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं चुकलं काय.

घरी सून एस्तेर, अंगणवाडीत काम करणारी, तोंडाने फटकळ पण मनाने सरळ. सासूचं जेवण सुटत चाललेलं पाहून तिने खोदून खोदून विचारलं, आणि एके दिवशी सुसानाने तिला सगळं सांगून टाकलं. वर म्हणाली, रविवारी पास्टरांना सांगते, तेवढाच भार उतरेल.

"पास्टरांची गाडी चुकली होती का?" एस्तेर म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.

त्यावर सुसाना दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी तिने एस्तेरकडून धुतलेलं लुगडं मागून घेतलं.

वैशाख होता. पावसाआधी घर शेकारायला बाज्या पाड्यावर परतलाय, एवढं तिला फाट्यावरच कळलं होतं. गाड्या बदलत बदलत ती निघाली. देवगोईच्या घाटात तिला ओकारी आली. मोलगीच्या पुढे जीप जाईना तिथून पायी. वाटेत भेटणाऱ्यांना बाज्याचं घर विचारायची आणि सांगणारा विचारायचा, तू विसरवाडीची का? ती हो म्हणायची आणि पाय उचलायची. काय बोलायचं ते तिने सगळं जुळवून ठेवलं होतं. तो रागावेल. रागावला पाहिजे. हाकलून दिलं तर तशीच परत जाईन, उन्हात बसेन, पण ऐकून घेईन.

बाज्या कुडाच्या भिंतीला शेणमाती लिंपत होता. आता केस धुतलेले, पायात चपला. त्याने तिला ओळखलं आणि तो इतका हरखला की लिंपलेल्या हातांनीच खाट ओढायला धावला. बायकोला हाक मारली. अंगणात एक मुलगी शेळीच्या पिल्लामागे जात होती, एक पाय किंचित ओढत, पण चालत. रिना ती. सुसाना खाटेवर बसली नाही.

"माझं ऐक आधी," ती म्हणाली. "त्या दिवशी अक्कलकुव्याची गाडी माझ्यामुळे गेली. मी उठले असते तर थांबली असती. माझ्या हातचं पाणी तू घेतलं नाहीस, मला वाटलं मी चर्चची म्हणून घेतलं नाहीस. राग आला. मुद्दाम बसून राहिले."

बाज्या ऐकत होता. समजत नाही असं वाटून तिने पुन्हा सांगितलं, हळू, शब्द तोडून. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं.

त्याला समजलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग काही येईना. आली ती एक प्रकारची अडचण. म्हातारं माणूस एवढा डोंगर चढून आलंय आणि त्याला नेमकं काय हवंय ते कळत नाही, तशी.

"तू नाही थांबवली," तो म्हणाला. "मग? कोणीच थांबवत नाही, बाई. मी नेहमी पळतच पकडतो. त्या दिवशी पाय भाजत होते म्हणून कमी पळालो."

त्याने शेजारच्या घरातल्यांना हाका मारल्या. मागून रिनाला कडेवर घेऊन बायको आली. बायकोला त्याने आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं, तिने सुसानाकडे एकवार नीट पाहिलं, आणि ती हसली नाही. तिला कळलं होतं. त्या न हसण्याने सुसानाला जरा श्वास घेता आला.

तोवर शेजारपाजारच्या चार बाया जमल्या. विसरवाडीची बाई, विसरवाडीची बाई, अशी कुजबुज झाली. सुसानाने तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं. पण त्यांतल्या एका म्हातारीने, कमरेत वाकलेल्या, तिचा हात धरून मध्येच विचारलं. मुलाकडे जायचंय, गुजरातेत, व्याऱ्याला, बोचकं असतं सोबत, पळवत नाही आता. तुझ्या फाट्यावर गाडी थांबते म्हणतात, ते खरं का?

सुसानाने बाज्याच्या बायकोकडे पाहिलं.

"मी उठले तर थांबते," ती म्हणाली.

"मग उठशील ना?" म्हातारीने विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.